तेल्यांची मुले आणि तेल फोडणारी बुरशी

कोकणातील गावोगावी आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत, हे आपल्या समाजातील लहान मुलासही ठाऊक असते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढाच त्या नावाचा अर्थ. शब्बाथच्या दिवशी लाट फिरत नसे आणि बैलाच्या मानेवर जू येत नसे. आज जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी कोणाच्याही घरी घाणा नाही. आपण नोकरदार, परिचारिका, शिक्षक, हिशेबनीस झालो. तेल आपण दुकानातून बाटलीबंद आणतो आणि ते कोठे व कसे निघाले ह्याची सहसा विचारपूस करीत नाही.

तथापि आपल्या पूर्वजांचा हा धंदा आधुनिक शास्त्राच्या एका मोठ्या शाखेशी जाऊन भिडतो, आणि त्या शाखेचा आपल्या आजच्या स्वयंपाकघराशी निकटचा संबंध आहे. चीजचे वेष्टन हाती घेऊन त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. दूध, मीठ, विरजणाचे जंतू आणि शेवटी एकच शब्द आढळतो: 'एन्झाइम्स'. कोणाचे एन्झाइम? गाईचे, शेळीचे, वनस्पतीचे की बुरशीचे? वेष्टन काहीही सांगत नाही. कोशेर पाळणाऱ्या घरातील गृहिणी येथे थबकते, आणि तिने थबकावे हेच योग्य होय. तिला ह्या शब्दामागचे शास्त्र थोडे तरी कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेलाची घडण आणि त्याचे विघटन

तेल, तूप, लोणी, चरबी ह्या सर्वांची मूळ घडण एकच. ग्लिसरीनची एक आखूड दांडी आणि तिला जोडलेल्या तीन लांब शेपट्या, असे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. ह्या शेपट्यांना शास्त्रज्ञ वसाम्ले म्हणतात. शेपट्या लांब व सरळ असल्या म्हणजे पदार्थ थिजतो. त्यांत बाक असले म्हणजे तो पातळ राहतो. खोबरेल थंडीत गोठते आणि तिळेल गोठत नाही, त्याचे कारण शेपट्यांच्या ह्या ठेवणीतच आहे.

शेपटी दांडीपासून सुटावयाची तर त्या सांध्यात पाणी शिरावे लागते. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण रोज पाहतो. निसर्गाने ही अडचण ज्या साधनाने सोडविली त्याचे नाव लायपेज. ग्रीक भाषेत 'लिपोस' म्हणजे चरबी, त्यावरून हे नाव आले. लायपेज हे एक प्रथिन असून ते विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, वर्गात मोडते. स्वतः न खर्चता दुसऱ्या पदार्थात बदल घडवून आणणे हा विकरांचा गुणधर्म. लायपेजचा एकच कण असंख्य सांधे सोडवितो आणि तरीही कामास शिल्लक राहतो.

लायपेजचे वैशिष्ट्य असे की ते तेल आणि पाणी ह्यांच्या सीमेवर काम करते. नुसत्या पाण्यात ते जवळजवळ स्वस्थ असते. तेलाचा थेंब भेटला की एकदम कार्यरत होते. सार्दा आणि देनुएल ह्या फ्रान्समधील संशोधकांनी १९५८ साली ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. तिचे कारण मात्र १९९० साली, लायपेजच्या कणाची प्रत्यक्ष रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली तेव्हा, दिसून आले. कण ज्या जागी सांधा फोडतो त्या जागेवर एक लहानसे झाकण असते. पाण्यात ते मिटलेले असते. तेलाच्या पृष्ठभागास टेकले की उघडते. माणसाच्या स्वादुपिंडातील लायपेज आणि एका बुरशीतील लायपेज ह्या दोहोंची रचना त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, आणि दोहोंमध्ये झाकण आढळले.

शरीरातील लायपेजचे कार्य त्याहून पुष्कळ आधी लक्षात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसचे क्लोद बेर्नार सशांवर प्रयोग करीत होते. सशाच्या आतड्यात पित्ताची नळी वरच्या बाजूस उघडते आणि स्वादुपिंडाची नळी बरीच खाली. चरबीयुक्त आहार दिलेल्या सशाच्या आतड्यालगतच्या रसवाहिन्या स्वादुपिंडाच्या नळीच्या खालीच दुधाळ झालेल्या त्यांना दिसल्या. त्यावरून चरबी पचविण्याचे मुख्य काम स्वादुपिंडाच्या रसाचे आहे, असे अनुमान त्यांनी काढले. आईच्या दुधातही लायपेज असते. ज्या तान्ह्या बाळाचे स्वादुपिंड अद्याप पुरते तयार झालेले नाही, त्याला दूध पचविण्याचे साधन दुधाबरोबरच मिळते.

खवट खोबरे

आपल्या घरात लायपेजची ओळख सुखद नाही, कारण ती खवटपणाच्या रूपाने होते. खवटपणा दोन प्रकारचा. एक हवेतील प्राणवायूमुळे येणारा आणि दुसरा लायपेजमुळे येणारा. बाटलीतील शुद्ध केलेल्या तेलात बहुधा पहिला प्रकार घडतो, कारण शुद्धीकरणातील उष्णतेने विकरे नष्ट झालेली असतात व पाणीही उरलेले नसते. खोबरे, शेंगदाणे, भाताचा कोंडा ह्यांत दुसरा प्रकार प्रबळ असतो.

खोबऱ्याचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मांसाच्या रश्श्यात आपण दूध-दही घालीत नाही, नारळाचे दूध घालतो. रोश हाशानाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधाशिवाय होत नाही. खोबऱ्याच्या तेलातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. हे आम्ल दांडीला जोडलेले असते तोवर चव गोड लागते. ते सुटे झाले की जिभेला साबणासारखी चव येते. ओलसर खोबऱ्यावर बुरशी धरली की ती बुरशी आपल्या आहारासाठी लायपेज बाहेर सोडते आणि लॉरिक आम्ल सुटे होते. खोबऱ्यातील पाण्याचा अंश सुमारे ६ टक्क्यांपर्यंत खाली आणला तर बुरशी सहसा धरत नाही. खोबरे व तीळ घाण्यात घालण्यापूर्वी कडक उन्हात वाळविण्याची तेल्यांची रीत शास्त्रास धरूनच होती.

भाताच्या कोंड्याचीही तीच कथा. तांदूळ सडला की कोंड्यातील तेल आणि कोंड्यातीलच लायपेज एकत्र येतात, आणि कोंडा थोड्याच काळात खवट होतो. म्हणून गिरणीतून निघताच त्याला वाफेची उष्णता देतात. भगिनींनी घरापुरते एवढे ध्यानात ठेवावे की थंडीने लायपेज मंदावते, मरत नाही. उष्णतेने मात्र त्याची घडी मोडते. किसलेला ओला नारळ गोठवून ठेवला तरी तो महिनोन्‌महिने ठेवू नये. सुके खोबरे मंद आचेवर भाजून, पूर्ण निववून, कोरड्या बरणीत भरावे.

जर्सी सिटीचे घड्याळ

आता आपल्या ह्या शहराकडे वळू. हडसनच्या काठी पॉलस हुक भागात, मॅनहॅटनकडे तोंड करून उभे असलेले अष्टकोनी घड्याळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचा व्यास ५० फूट असून ते १९२४ सालचे आहे. त्या जागी कोलगेट कंपनीचा साबणाचा प्रचंड कारखाना होता. विल्यम कोलगेट ह्यांनी १८०६ साली न्यूयॉर्क शहरात सुरू केलेला साबणाचा धंदा १८४७ साली जर्सी सिटीत आला आणि १९८० च्या दशकापर्यंत येथे चालला. कंपनीच्या 'ऑक्टॅगन' साबणावरून घड्याळास तो आकार मिळाला. आज कारखाना नाही. घड्याळ मात्र वेळ दाखवीत आहे.

साबण करणे म्हणजे चरबीच्या शेपट्या सोडविणे. पूर्वी त्याकरिता चरबी कढईत कॉस्टिक सोड्याबरोबर उकळीत. ह्याच कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ मार्टिन इट्नर ह्यांनी १९३० च्या दशकात निराळी रीत सिद्ध केली. उंच मनोऱ्यात खालून चरबी आणि वरून पाणी सोडावयाचे, उष्णता सुमारे २५० अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या सुमारे पन्नासपट ठेवावयाचा, म्हणजे चरबी सलगपणे फुटत राहते. रसायनोद्योगातील मानाचे पर्किन पदक इट्नर ह्यांस १९४२ साली मिळाले. ह्या रीतीचा अवलंब पुढे जगभर झाला.

हेच काम बुरशी अंगाला सोसवेल एवढ्या कोमट उष्णतेवर, दाबाशिवाय, ओल्या पालापाचोळ्यात करीत असते. तिचे वेगळेपण येथेच आहे. एरंडाच्या बियांतील लायपेजने चरबी फोडण्याचे प्रयत्न जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी झाले होते. पण उद्योगास पुरेल एवढे विकर स्वस्तात मिळावयाचे तर ते सूक्ष्मजीवांकडूनच घ्यावे लागणार होते.

ह्या कामी वाट दाखविणारा मनुष्य आपल्यासारखाच परदेशातून येथे आलेला होता. जपानचे जोकिची ताकामिने १८९० साली अमेरिकेत आले. जपानात तांदळाची दारू आणि सोयाबीनचा रस करण्यासाठी 'कोजी' नावाची बुरशी शतकानुशतके वापरीत. शास्त्रीय भाषेत ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ताकामिने ह्यांनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवून तिच्यापासून पिष्ट पचविणारे विकर काढले आणि १८९४ साली त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. त्यांची प्रयोगशाळा पुढे आपल्याच न्यू जर्सीतील क्लिफ्टन गावी होती. वॉशिंग्टन शहरात वसंतात फुलणारी चेरीची झाडे १९१२ साली जपानहून आली, त्यामागेही त्यांचा पुढाकार व पैसा होता. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील ज्ञान परक्या देशात हीन न मानता त्यावर उद्योग उभारणारा हा गृहस्थ आपल्या मुलांना अवश्य सांगण्याजोगा आहे.

ताकामिने ह्यांची ती बुरशी पुढे लायपेजच्याही कामी आली. थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस नावाची एक उष्णताप्रेमी बुरशी आहे. ती तापलेल्या खताच्या ढिगांत वाढते. तिचे लायपेज साबणाच्या पाण्यातही टिकते, पण ती स्वतः ते फार थोडे तयार करते. डेन्मार्कच्या नोवो कंपनीने त्या लायपेजचा जनुक कोजीच्या बुरशीत घातला आणि १९८८ साली 'लायपोलेज' ह्या नावाने ते धुण्याच्या पावडरीसाठी बाजारात आणले. शर्टाच्या कॉलरवरील तेलकट मळ आणि रश्श्याचा डाग कोमट पाण्यात निघतो, त्याचे श्रेय पुष्कळदा अशा विकराकडे जाते. आपल्या ओळखीच्या ठाणे शहरातही आज विकरे बनविणारी अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम ही कंपनी आहे, आणि तिचा एक कारखाना सिन्नर येथे आहे.

नाना जीव, नाना गुण

लायपेज पुष्कळ जीवांत सापडते. परंतु प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ऱ्हायझोम्युकर मिएहाय ह्या बुरशीचे लायपेज दांडीच्या दोन टोकांच्याच शेपट्या सोडविते, मधली सोडीत नाही. कॅन्डिडा रुगोसा ह्या किण्वाचे लायपेज तिन्ही सोडविते. अंटार्क्टिका खंडातील एका सरोवराच्या गाळात सापडलेल्या किण्वाचे लायपेज आश्चर्य वाटावे इतकी उष्णता सहन करते आणि औषधांच्या निर्मितीत फार उपयोगी पडते.

आणखी एक गुण विशेष आहे. पाणी भरपूर असेल तर लायपेज शेपट्या तोडते. पाणी जवळजवळ नसेल तर तेच लायपेज शेपट्या जोडते. सोव्हिएत रशियातून अमेरिकेत आलेले प्राध्यापक अलेक्झांडर क्लिबानोव्ह आणि त्यांचे सहकारी झाक्स ह्यांनी १९८४ साली दाखविले की स्वादुपिंडाचे लायपेज पाण्याविना, सेंद्रिय द्रवात, १०० अंश सेल्सिअसलाही काम करते.

ह्या गुणाचा लाभ आपल्या घरापर्यंत पोहोचला आहे. मांसाच्या जेवणानंतर गोड पदार्थ करावयाचा तर लोणी चालत नाही, म्हणून आपण 'पार्वे' मार्गारीन वापरतो. मुंबईत आपल्या मातांनी डालडा वापरला. हे पदार्थ वनस्पती तेलावर हायड्रोजनची क्रिया करून घट्ट करीत, आणि त्या क्रियेत हृदयास घातक अशी ट्रान्स वसाम्ले निर्माण होत. आता एक पातळ व एक घट्ट तेल एकत्र करून लायपेजच्या योगे त्यांच्या शेपट्यांची अदलाबदल करता येते, म्हणजे हायड्रोजनचे कारण उरत नाही. ह्या रीतीबद्दल दोन कंपन्यांना २००५ साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. अर्धवट हायड्रोजनित तेले सुरक्षित मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली दिला आणि २०१८ पासून तो अमलात येऊ लागला. भारतातही २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स वसेची मर्यादा २ टक्के आहे.

कोशेरचा प्रश्न

आता वेष्टनावरील त्या शब्दाकडे येऊ. चीज करताना दोन तऱ्हेची विकरे लागतात. दूध गोठविणारे रेनेट बहुतेक सर्व चीजना लागते. लायपेज मात्र विशेषतः प्रोव्होलोने, रोमानो ह्यांसारख्या इटालियन पद्धतीच्या तिखट वासाच्या चीजमध्ये घालतात. हे लायपेज परंपरेने करडू, कोकरू किंवा वासरू ह्यांच्या जिभेच्या मुळाजवळच्या ग्रंथींतून काढतात. म्हणजे दुधाच्या पदार्थात प्राण्याचा अंश, आणि तो प्राणी कोणत्या रीतीने मारला हा पुढचा प्रश्न. ऱ्हायझोम्युकर बुरशीचे लायपेज वापरून तत्सम चव आणता येते, आणि मग प्राण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निळ्या चीजमध्ये तर पेनिसिलियम जातीची बुरशी स्वतःच हे काम करते. अडचण इतकीच की येथील नियमांनुसार प्राणिज, वनस्पतिज वा सूक्ष्मजीवजन्य, कोणतेही विकर चीजवर केवळ 'एन्झाइम्स' म्हणून छापता येते. म्हणून वेष्टनावरील शब्दापेक्षा त्यावरील कोशेर चिन्ह पाहणेच श्रेयस्कर. 'व्हेजिटेरियन' असे लिहिलेले असले तरी तेवढ्याने वस्तू कोशेर ठरत नाही.

पेसाहचा विचार आणखी वेगळा. बुरशी निर्दोष असली तरी तिला वाढविताना काय खाऊ घातले? ताकामिने ह्यांनी गव्हाचा कोंडा वापरला, हे वर आलेच आहे. आजही पिष्ट व धान्याचे अंश बुरशीच्या आहारात असू शकतात, म्हणून पेसाहसाठी विकरांची वेगळी चौकशी केली जाते. ज्या सणाला आपले पूर्वज 'अनशी ढाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबट पातळाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, त्याचे मर्म आंबणाऱ्या वस्तूंविषयी सावध राहण्यात होते. त्यांच्यापुढे बंद करावयाचे एकच भांडे होते. आपल्यापुढे कारखान्यातील मोठमोठ्या टाक्या आहेत. जागरूकता तीच ठेवावयाची.

आजाऱ्याची गोष्ट

सर्वांत नाजूक भाग औषधाचा आहे. स्वादुपिंडाच्या जुनाट विकारात, तसेच सिस्टिक फायब्रोसिस ह्या आनुवंशिक रोगात, शरीरास स्वतःचे लायपेज पुरेसे मिळत नाही. मूल जेवते पण अंगी लागत नाही. वजन वाढत नाही. अशा रुग्णास प्रत्येक जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. अमेरिकेत ह्या रोगासाठी मान्यता मिळालेल्या कॅप्सूलमधील विकरे डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. हे ऐकून एखाद्या माउलीच्या काळजात चर्र होणे स्वाभाविक आहे.

आम्ही शिक्षक आहोत. रब्बी नाही आणि डॉक्टरही नाही. परंतु जीव वाचविणे हे जवळजवळ सर्व निर्बंधांहून श्रेष्ठ, हे 'पिक्कुआख नेफेश'चे तत्त्व आपल्या धर्मात सुप्रसिद्ध आहे. तेव्हा कोणीही केवळ मूळ ऐकून औषध थांबवू नये. डॉक्टरांना आणि रब्बींना दोघांनाही मोकळेपणाने विचारावे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बुरशीजन्य लायपेजच्या गोळ्या ह्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत, हेही ध्यानात असावे. नळीवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांसाठी मात्र जंतूंपासून मिळविलेले लायपेज भरलेले एक उपकरण २०१५ साली मान्य झाले. अन्न त्यातून जाताना त्यातील चरबी फुटते. अशा दिशेने संशोधन चालू आहे.

ह्याच्या उलट दिशेचेही एक औषध आहे. स्ट्रेप्टोमायसिस टॉक्सिट्रिसिनी नावाच्या मातीतील जंतूत लायपेजला बांधून ठेवणारा पदार्थ सापडला. त्यावरून तयार केलेले ऑर्लिस्टॅट १९९९ साली वजन कमी करण्यासाठी येथे मान्य झाले. त्याने आहारातील सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. पण तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही कमी शोषली जातात. म्हणून हेही वैद्यकीय सल्ल्यावाचून घेण्याचे औषध नव्हे.

सुज्ञ वाचकांना आमची शेवटी एवढीच विनंती. वेष्टनावर 'एन्झाइम्स' दिसले तर तीन प्रश्न विचारावेत: ते कोणत्या जीवाचे, तो जीव कशावर वाढविला, आणि त्याची ग्वाही कोणी दिली. पहिल्या दोहोंचे उत्तर उत्पादकास पत्र लिहून मागता येते. तिसऱ्याचे वेष्टनावरच असते. असे पत्र लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावे. त्यांना रसायनशास्त्र येईल आणि कोशेरचा अर्थही कळेल. तसेच ज्यांनी कोकणातील आपला घाणा डोळ्यांनी पाहिला आहे, किंवा आई-वडिलांच्या तोंडून त्याची हकिकत ऐकली आहे, अशा वडीलधाऱ्या मंडळींनी ती ह्या पत्रिकेकडे लिहून धाडावी. कोणते बी गाळीत, किती दिवस वाळवीत, पेंडीचे काय करीत, शुक्रवारी सायंकाळी घाणा कोण सोडी, हे सारे कागदावर आले पाहिजे. बुरशीचे शास्त्र ग्रंथालयात मिळते. आपल्या घाण्याचे शास्त्र आपल्या वृद्धांच्याच स्मरणात आहे, आणि ते विचारून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.